थांब्याचं नाव पुरे की वेगळा आयडी?

भाचा एसटीचं वेळापत्रक जीटीएफएसमध्ये (मोबाइल अ‍ॅपना वाचता येईल अशा ठरावीक साच्याच्या फाइलींत) भरतोय. विचारतो, थांब्याचं नावच आयडी म्हणून चालेल का?

मेहनत नावात कमी, खरंय. पण ‘कारंजा’ म्हणजे वाशिमचं लाड की वर्ध्याचं घाडगे? अमरावतीत चांदूरही दोन, रेल्वे अन् बाजार. एकाने ‘फाटा’ लिहिलं, दुसऱ्याने ‘टी पॉइंट’, की थांबा अन् वेळा यांचा दुवा तुटलाच. (फाट्यांची तर आपल्याकडे मोजदादच नाही.)

वेगळा आयडी सुरुवातीला वेळ खातो. मात्र पुढे नाव बदललं तरी वेळांच्या फाइलला हात लावावा लागत नाही, अन् रस्त्याच्या दोन्ही बाजूंचे थांबे वेगळे राहतात. खर्च दोन्हींत शून्य.

गावच्या फलकावर कागदच लावायचा असेल तर नावं पुरेत. मोबाइलवर गाडी शोधायची असेल तर आयडीच. फक्त तो प्रवाशाला दाखवू नको बाबा.