गोरिलाच्या चेहऱ्यासाठी क्रिता: कातडीला उत्तम, मोठ्या ब्रशला संथ

महाकाय गोरिलाचा चेहरा रंगवायला क्रिता हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे, आणि कातडीसाठी तर फारच छान. 4000 पिक्सेलचा कॅनव्हास घ्या. आधी करड्या छटांत भुवईचा उंचवटा, खोल डोळे, रुंद नाकपुड्या बसवा. पूर्ण काळा टाळा, कारण नंतर ‘कलर’ ब्लेंडिंगच्या लेयरने (खालचा उजेड-अंधार तसाच ठेवून फक्त रंग देणारा वरचा थर) त्यावर रंग चढतच नाही. मग ब्रश एडिटरमध्ये टेक्स्चर पॅटर्न (खरखरीत पोताचा नमुना) लावा. तो सगळीकडे एकाच मापात उमटला की चेहरा रबरी दिसतो, म्हणून स्केल बदलत राहा आणि सुरकुत्या हाडाच्या वळणाने न्या. छिद्रं चेहऱ्याच्या मानाने बारीकच हवीत, अवाढव्यपणा तिथूनच येतो! केस आधी झुपक्यांत, सुटे शेवटी. मोठा स्मज ब्रश (रंग पसरवून मिसळणारा) मात्र साध्या संगणकावर अडखळतो.