पायी भटकंतीला गणेशगुडी की कणकुंबी? बेळगावहून निघणाऱ्यांसाठी तुलना

बेळगावहून डोंगर, पाणी आणि जंगल पायी बघायचं ठरलं की दोन दिशा पुढे येतात. एक खानापूर-रामनगरमार्गे जोयडा तालुक्यातलं गणेशगुडी, सुपा जलाशयाच्या काठचं. दुसरी जांबोटीमार्गे कणकुंबी, मलप्रभेच्या उगमाचं गाव. कणकुंबी पन्नासेक किलोमीटर आणि गणेशगुडी शंभराच्या आसपास, म्हणून बहुतेक जण कणकुंबीच्या बाजूने कौल देतात. पण अंतरावरून ठरवलं की फसगत होते. फेब्रुवारीत कणकुंबीला जाणारा आणि जुलैत गणेशगुडीला जाणारा, दोघंही अर्धंच बघून परततात. आधी महिना बघावा.

पाणी

सुपा धरण काळी नदीवर आहे, १०१ मीटर उंच, १९८७ साली पूर्ण झालेलं. जुनं सुपा गाव तालुक्याचं ठिकाण होतं. ते पाण्याखाली गेलं, कचेऱ्या जोयड्याला हलल्या, आणि विस्थापितांची वसाहत म्हणून रामनगर उभं राहिलं. जाताना वाटेत तेच रामनगर लागतं. तिथे चहाला थांबाल तेव्हा एवढं ठाऊक असलं, तर पुढचं पाणी वेगळ्या नजरेने बघाल. ऑक्टोबर ते डिसेंबर जलाशय झाडीला टेकलेला असतो. एप्रिल-मेमध्ये पाणी खाली जातं आणि काठाला उघड्या लाल मातीचा रुंद पट्टा पडतो. फोटोंतला हिरवा काठ तेव्हा मिळत नाही.

धरणाच्या खालच्या अंगाला नदी उथळ, खडकाळ आणि फार मोहात पाडणारी आहे. धरणाच्या पायथ्याला ५० मेगावॉटचे दोन जनित्र संच आहेत. ते सुरू झाले की पाणी सोडलं जातं आणि मघापर्यंत कोरडे असलेले खडक बघता बघता बुडतात. आकाश निरभ्र असतानाही हे घडतं, म्हणून पात्रातल्या खडकांवर बसून डबा खायचा बेत करू नये.

कणकुंबीला जलाशय नाही, पण पाण्याची गंमत इथे जास्त आहे. माउली मंदिराजवळ सुमारे ७९२ मीटर उंचीवर मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेला कूडलसंगमापर्यंत जाऊन कृष्णेला मिळते. याच डोंगररांगेत, भीमगड अभयारण्याच्या जंगलात, म्हादई उगम पावते आणि गोव्यातून अरबी समुद्राला जाते. एका डोंगरावरचा पाऊस दोन समुद्रांकडे कसा वाटला जातो, हे इथे पायी फिरताना उताराच्या दिशेवरून समजतं. मुलांना भूगोल दाखवायचा असेल तर इथेच आणावं.

काय दिसतं, कधी दिसतं

गणेशगुडी पक्ष्यांसाठी. दांडेली-जोयडा पट्ट्यात धनेशाच्या (हॉर्नबिल) चार जाती आहेत: महाधनेश, मलबारी कवडा धनेश, मलबारी राखी धनेश आणि साधा राखी धनेश. नोव्हेंबर ते मार्च हा काळ उत्तम. वड, उंबर, पिंपरण यांपैकी फळांनी लगडलेलं एखादं झाड गाठून तिथेच थांबायचं. चालत राहिलात तर पंखांचा आवाज तेवढा ऐकू येईल. सकाळी तीन किलोमीटरला तीन तास लागले तरच चाल नीट झाली म्हणायची. फेब्रुवारीपासून मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर तिला चारा आणतो. ढोलीखाली माणसं उभी राहिली की तो यायचं टाळतो आणि आत मादी उपाशी राहते. अशी ढोली सापडली तर लांबूनच बघून पुढे सरकावं.

ज्यांना चालणं झेपत नाही त्यांनी ओल्ड मॅगझीन हाऊसचा विचार करावा. धरण बांधताना स्फोटकं ठेवायची ती जागा आज सरकारी निसर्ग शिबिर आहे. तिथे ठेवलेल्या पाण्याच्या भांड्यांवर जंगलातले लहान पक्षी आंघोळीला येतात. एका जागी बसून त्यांना इतक्या जवळून बघता येणं दुर्मीळ आहे.

मात्र गणेशगुडी एका दिवसात करू नये. रस्त्याचे अडीच-तीन तास धरले तर पक्ष्यांची वेळ, म्हणजे उजाडल्यानंतरचे पहिले दोन तास, गाडीतच जाते. मुक्काम जमत नसेल तर हा बेत पुढे ढकलावा.

कणकुंबी पावसाची आणि पावसानंतरची. जून-जुलैत बेडूक, ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत फुललेले सडे, म्हणजे खडकाळ पठारं. जांभ्या खडकावर मातीचा थर जेमतेम काही बोटं असतो, त्यावर सीतेची आसवं, गेंद आणि सोनकी फुलते. पाय पडला की तो ओला थर खडकावरून सुटतो. म्हणून उघड्या दगडावरून चालावं आणि फोटोसाठी फुलांत बसू नये. पहाटे निघून संध्याकाळी घरी परतता येतं, हा कणकुंबीचा मोठा फायदा.

वाटा, परवानगी, धोके

दोन्हीकडे जंगल राखीव आहे. गणेशगुडीच्या भोवती काळी व्याघ्र प्रकल्प (२०१५ पर्यंत दांडेली-अणशी), तर कणकुंबीच्या बाजूला २०११ साली घोषित झालेलं भीमगड अभयारण्य. वनखात्याच्या परवानगीशिवाय आणि स्थानिक वाटाड्याशिवाय आत शिरू नये. पावसाळ्यात खानापूर तालुक्यातल्या धबधब्यांच्या वाटा बऱ्याचदा बंद केल्या जातात. निघण्याआधी वनखात्याकडे चौकशी करावी. भीमगडच्या जंगलातल्या बारापेडे गुहांत एका अतिशय दुर्मीळ वटवाघळाची वस्ती आहे, तिथे जायचा आग्रह मुळीच धरू नये.

कणकुंबीची वाट कमी लांबीची पण जास्त दमवणारी. शेवाळलेल्या जांभ्यावर चामडी बुटांचा उपयोग नाही, खोल दात्यांचे रबरी तळ हवेत. सड्यावरच्या वाऱ्यात छत्री टिकत नाही. जळवांसाठी पायमोज्यांना तंबाखूचं पाणी लावावं. लागलीच तर ओढू नये, नखाने कडेने सोडवावी. रक्त थोडा वेळ वाहतं कारण जळू ते गोठू देत नाही, घाबरायचं कारण नाही. खरी भीती अस्वलाची. धुक्यात आणि पावसाच्या आवाजात माणसाची चाहूल त्याला लागत नाही, आणि अचानक समोर आलं की ते हल्ला करतं. म्हणून इथे बोलत चालावं. गणेशगुडीला याच्या उलट, गप्प चालावं.

कोरड्या महिन्यांत गोचीड असते. गणेशगुडीच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत आणि तो गोचिडीतून पसरतो. पूर्ण बाह्या घालाव्यात, पँट मोज्यात खोचावी, पाचोळ्यावर बसू नये. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता वनखात्याला कळवावं.

वयस्क मंडळी, लहान मुलं किंवा अर्धाच दिवस असेल तर

या दोन्हींऐवजी राकसकोप. मार्कंडेय नदीवरचा हा जलाशय बेळगावला पिण्याचं पाणी पुरवतो, त्यामुळे पाण्यात उतरायचं नाही आणि काठावर कचरा टाकायचा नाही. डोंगर लहान, वाट सपाट. हिवाळ्यात सकाळी पाणकावळे, वारकरी, टिबुकल्या, धोबी दिसतात. दुर्बीण मात्र हवी, कारण पक्षी काठापासून लांब बसतात.

कणकुंबीला बसने जाणार असाल तर परतीची शेवटची गाडी उतरतानाच चालकाला विचारून घ्यावी. आतल्या वाड्यांत मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही, आणि धुकं उतरल्यावर गोव्याकडे जाणाऱ्या चोर्ला रस्त्यावर हात दाखवून वाहन थांबवणं धोक्याचं असतं.