सकाळी सातचा डेमो

2025 च्या एप्रिलमध्ये मी 3 लाख 35 हजार रुपये रोख मोजून एक जुना कॉम्पॅक्ट ट्रॅक्टर घेतला. तो आज गोठ्यामागे कडुनिंबाखाली उभा आहे, सीटवर कोंबड्या बसतात. घरातल्यांनी आता त्यावर बोलणं सोडलंय, म्हणून म्हटलं आपणच लिहून काढावं. त्याच व्यापाऱ्याकडे अजून दोन तसलेच ट्रॅक्टर उभे होते, ते कुणाच्या तरी गळ्यात पडणारच.

आमची जमीन यावल तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याकडे. चार एकर केळी, तीन एकर कापूस. केळीच्या दोन ओळींत पाच फूट जागा, त्यात ठिबकच्या नळ्या. मोठा ट्रॅक्टर आत घालायचा प्रश्नच नाही. मृगबाग, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीची केळी, लावली की पानं एकमेकांना भिडेपर्यंतचे तीन-चार महिनेच काय ते छोट्या ट्रॅक्टरचे. पण तेवढ्या दिवसांत मजुरी किती वाचते हे केळीवाल्यांना सांगायला नको. नवा घ्यावा तर पाच-सहा लाखांच्या घरात, आणि सोसायटीचं कर्ज आधीच डोक्यावर.

दुसरं कारण आबा. त्यांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, क्लच दाबता येत नाही. पन्नास वर्षं शेतात काढलेला माणूस बांधावर खुर्ची टाकून बसतो, ते बघवत नव्हतं. मी रात्री मोबाइलवर अमेरिकेतले व्हिडिओ बघायचो: उजव्या पायाखालचा पेडल पुढे दाबला की ट्रॅक्टर पुढे, मागे दाबला की मागे. ना गिअर बदलायचा, ना क्लच. हायड्रोस्टॅटिक ट्रान्समिशन म्हणतात त्याला. ओळखीतल्या एका दलालाजवळ मी हे बोललो आणि चार दिवसांत हायवेवरच्या एका व्यापाऱ्याचा फोन आला. "भाऊ, जपानी माल आहे, कंटेनरमधून आलेला. बिनगिअरचा. आबा काय, घरातल्या बाया चालवतील."

त्याने डेमोला सकाळी सातची वेळ दिली. म्हणाला, "ऊन फार होतं हो, आबांना त्रास नको." मला त्याचं कौतुकच वाटलं!

गेल्या गेल्या मी बॉनेटला हात लावून बघितला. थंडगार. जुनं इंजिन घेताना ते थंड असतानाच चालू करून बघावं, आधी तापवून ठेवलेलं नसावं, एवढं मला माहीत होतं. पहिल्या किल्लीत चालू झालं, धूर नाही, मी खूश. आबा सीटवर बसले आणि त्या मोकळ्या पटांगणात पंधरा मिनिटं नुसते पुढे-मागे करत राहिले. पेडलवर पाय, चेहऱ्यावर हसू. मागे औजार काहीच जोडलेलं नव्हतं. इंजिन किती तास चाललं ते दाखवणाऱ्या अवर मीटरवर 612 तास. पेडलचं रबर कोरं करकरीत होतं आणि त्याच्या शेजारी पाय ठेवायच्या पत्र्याचा रंग जाऊन लोखंड चकाकत होतं. हे मी बघितलं. डोळ्यांनी बघितलं आणि डोक्यात घेतलं नाही. 612 तासांत पत्रा असा झिजत नाही. आबांचं हसू बघितल्यावर मला हिशेब सुचला नाही, खरं ते हे.

इसार दिला, दोन दिवसांनी उरलेले पैसे. ट्रॅक्टर घरी आला. बायकोने ओवाळला, नारळ फोडला.

मे महिन्यात कापसाच्या रानात रोटाव्हेटर, म्हणजे फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारं औजार, लावला. आमच्याकडचा मे म्हणजे पंचेचाळीसचा पारा. पहिला पाऊण तास ठीक. मग वळणावर ट्रॅक्टर रेंगाळू लागला. पेडल पूर्ण दाबलेला, इंजिन जोरात, पण चाकं जणू पेंगतायत. सव्वा तासाने बांधाच्या चढाला तो उभाच राहिला. इंजिन बंद नाही, नुसता उभा. खालून बारीक किंकाळीसारखा आवाज येत होता. अर्धा तास सावलीत ठेवला तर पुन्हा चालू लागला, वीस मिनिटांनी पुन्हा उभा.

कारण नंतर कळलं, ते तपशिलात सांगतो, कारण सगळी फसवणूक त्यातच आहे. गिअरच्या ट्रॅक्टरमध्ये इंजिनाची ताकद दातेरी चक्रांतून चाकापर्यंत जाते. हायड्रोस्टॅटिकमध्ये इंजिन एक पंप फिरवतं, पंप दाबाने तेल ढकलतो, त्या तेलावर एक मोटर फिरते आणि मोटर चाकं फिरवते. पेडल दाबला की पंपातल्या तिरप्या तबकडीचा कोन बदलतो, कमी-जास्त तेल जातं, वेग बदलतो. पंपातले पिस्टन आणि त्यांची घरं यांच्यात केसापेक्षा बारीक फट असते. ती झिजून वाढली की तेल पुढे जाण्याऐवजी आतल्या आत गळतं. तेल थंड, म्हणजे घट्ट, असेपर्यंत गळती कमी. ते तापून पातळ झालं की जोर गेला. म्हणून सकाळी सात! आबांच्या उन्हाची काळजी कुणालाच नव्हती.

गावातला फिटर गिअरबॉक्सचा वस्ताद. त्याने खालचा बोल्ट सोडून तेल बोटावर घेतलं, वास घेतला, म्हणाला, "हे तर नव्वद नंबर आहे." म्हणजे आपल्या साध्या ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्समध्ये घालतात ते घट्ट तेल. या यंत्रणेला तिचं वेगळं, पातळ हायड्रॉलिक तेल लागतं. झीज लपवायला मुद्दाम घट्ट ओतलं होतं. फिल्टर कापला तर घड्यांमध्ये सोनेरी कीस, पितळी रंगाचा, दिवाळीच्या चमकीसारखा. पंपाच्या आतले भाग झिजून तेलात उतरले होते. फिटरने हात पुसले. "गिअर असता तर भुसावळहून दाता आणून दोन दिवसांत उभा केला असता. याचा पंप मी कुठून आणू?"

कागदांची गोष्ट वेगळीच. "शेतातच चालवायचाय, पासिंग कशाला?" म्हणून व्यापाऱ्याने आरसी बुकाचा विषय उडवला होता. जळगावला आरटीओत चौकशी केली तर आयातीची कागदं, मूळ बिल मागितलं. माझ्याकडे काय, तर वहीच्या पानावरची पावती, तीही "ट्रॅक्टर एक नग" एवढीच. आरसी नाही म्हणून विमा नाही, विमा नाही म्हणून रस्त्यावर ट्रॉली नाही. उद्या काही अपघात झाला तर घर विकायची पाळी.

आता कुणी म्हणेल, हायड्रोस्टॅटिकच वाईट. तसं नाही. ज्यांना दिवसभर लोडरने माती-खत उचलून पुढे-मागे करायचं, गवत कापायचं, सतत थांबायचं-वळायचं, त्यांच्यासाठी ती सोय मोठी आहे. त्या व्हिडिओंत कामं तीच होती, मीच नीट बघितलं नाही. आपलं काम तासन्तास एकाच वेगाने ओढायचं: नांगर, रोटाव्हेटर, ट्रॉली. तिथे गिअर. ताकदही तेलात थोडी मुरतेच. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या कुबोटा एल 2501 चं इंजिन एकच, पण पीटीओला, म्हणजे औजार फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टला, गिअरच्या मॉडेलमध्ये 20.5 एचपी मिळतात आणि हायड्रोस्टॅटिकमध्ये 19. लहान ट्रॅक्टरला दीड एचपी म्हणजे काळ्या रानात रोटाव्हेटरची खोली कमी करायची वेळ. आपल्या बाजारातल्या मॉडेलांचे मोजलेले आकडे मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या सरकारी ट्रॅक्टर चाचणी केंद्राच्या अहवालांत सापडतात. ते बघायला पैसे लागत नाहीत. मी घेतल्यानंतर बघितले.

तरी कुणाला जुना हायड्रोस्टॅटिक घ्यायचाच असेल तर दुपारी जा. औजार जोडून तास-दीड तास चालवा, तेल चांगलं तापू द्या, मग चढ चढवा. भार वाढला की इंजिनाचा आवाज दबला पाहिजे. इंजिन मोकळं पळतंय आणि चाकं थांबतायत, तर उतरा आणि घरी या. फिल्टर समोर बदलायला लावा आणि जुना कापून बघा. विकणारा नाही म्हणाला तर उत्तर मिळालं. गिअरच्या जुन्या ट्रॅक्टरमध्येही फसवतातच म्हणा. तिथे वरच्या गिअरमध्ये ब्रेक दाबून धरा आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन बंद पडलं पाहिजे. चालूच राहिलं तर क्लच घसरतोय.

व्यापाऱ्याकडे तीन चकरा मारल्या. पहिल्यांदा चहा पाजला, दुसऱ्यांदा "तुम्ही रोटाव्हेटर लावलाच कशाला" म्हणाला, तिसऱ्यांदा शटर बंद. ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदवली. जळगावच्या ग्राहक आयोगात जायचं तर वकिलाने पहिला प्रश्न विचारला, "बँकेतून दिलेत का?" रोख. बाकी काही बोलावं लागलं नाही. आणि जखमेवर मीठ म्हणजे 22 सप्टेंबरपासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला. साडेपाच लाखांच्या मूळ किमतीवर 38,500 रुपये. पाच महिने थांबलो असतो तर.

त्यानंतरच्या जानेवारीत शेजारच्या गावचा एक तरुण आला. कुणीतरी सांगितलं होतं की इकडे बिनगिअरचा ट्रॅक्टर विकायला आहे. सकाळची वेळ, थंडी. मी काही बोलायच्या आत त्याने कोंबड्या हाकलल्या, बसला, किल्ली मारली. ट्रॅक्टर असा चालला की मलाच नवल वाटलं. अंगणातून रस्त्यापर्यंत, परत मागे, लोण्यासारखा. तो पोरगा खूश होऊन खाली उतरला आणि म्हणाला, "बोला, कितीला द्यायचा?" मी आबांकडे बघितलं. घरात तेव्हा खताची उधारी होती, हे त्यांनाही माहीत होतं.

आबा काठी टेकत जवळ आले, ट्रॅक्टरची किल्ली काढून स्वतःच्या खिशात टाकली आणि त्याला म्हणाले, "दुपारी ये भो. अन् येताना रोटाव्हेटर घेऊन ये."