कोकणात फोटो काढायला जाताय? वर्कशॉप की आपली आपण सहल

फेब्रुवारी जवळ आला की ओळखीच्यांकडून एकच प्रश्न येतो: हर्णै-वेळासच्या फोटोग्राफी वर्कशॉपला अठरा हजार भरू, की मित्राला घेऊन आपली गाडी काढू? मी दोन्ही करून पाहिलंय, म्हणून हिशेब मांडूनच सांगतो.

आधी आयोजकाची वही. पुण्याहून 3 रात्री, 4 दिवस, माणशी 18,000 रुपये. आकडे मी समजण्यापुरते धरलेत, तुमच्या माहितीपत्रकातले घालून पाहा. राहणं-जेवण माणशी 7,500. बाकीचा खर्च माणसं किती आली तरी तोच: टेम्पो ट्रॅव्हलर 30,000, होड्या आणि गावातले मदतनीस 12,000, आधी येऊन जागा बघून जाणं 10,000, मार्गदर्शक आणि सहायकाचं राहणं-जेवण 15,000. झाले 67,000. प्रत्येक माणसामागे आयोजकाकडे 10,500 राहतात, म्हणजे सहा जण आले तर पदरचे जातात आणि सातव्याला कशीबशी तोंडमिळवणी होते. दहा जण असतील तर 38,000 उरतात. त्यात दोघांची चार दिवसांची मेहनत, आधीची तयारी, जाहिरात, सगळं आलं. याला लूट म्हणता येणार नाही. पण तेच चौदा जण घेतले की 80,000 उरतात. मोह तिथे होतो, आणि त्याची किंमत आपण मोजतो.

कशी, ते बघा. दिवसभराचे फोटो लॅपटॉपवर लावून त्यावर बोलायला रोज संध्याकाळी दोन तास, असे दोन दिवस मिळतात. दहा जणांत तुमच्या वाट्याला 24 मिनिटं येतात, चौदा जणांत जेमतेम 17.

आपली आपण सहल केली तर दोघांत पेट्रोल साडेतीन हजार, घरगुती खोलीचे साडेसात, खाणंपिणं साडेपाच-सहा, एका सकाळच्या होडीचे तीन. माणशी दहा हजारांच्या आत सगळं बसतं. म्हणजे वर्कशॉपचे वरचे आठ हजार त्या 24 मिनिटांचे, आणि योग्य वेळी योग्य जागी नेऊन उभं करण्याचे.

ती 24 मिनिटं मला पुरेपूर लागू पडली, हे मान्य केलंच पाहिजे. त्याआधी मी एकटा हर्णैला जाऊन हजारभर फोटो आणले होते. सगळे सारखेच: होड्या, गर्दी, टोपल्या. वर्कशॉपमध्ये पडवीत बसून सरांनी माझा हर्णैच्या मासळी लिलावाचा एक फोटो उघडला आणि विचारलं, "यात तुला नक्की काय दिसलं होतं?" मी म्हटलं, त्या मावशींचा हात. त्यांनी कापत कापत फोटो आणला तो सुरमईच्या कल्ल्यात अडकलेली दोन बोटं, हिरव्या काचेच्या बांगड्या आणि मनगटाला चिकटलेली वाळू इथपर्यंत. "मग एवढ्या लांब का उभा राहिलास?" त्या दिवसापासून मी आधी जवळ जातो, "मावशी, फोटो काढू का?" विचारतो आणि मग कॅमेरा उचलतो. हे मला एकट्याला कधीच सुचलं नसतं.

योग्य वेळेचं मात्र त्याच वर्कशॉपमध्ये पार फसलं. आयोजकांनी शनिवार-रविवार बघून तारखा ठरवल्या आणि नेमकी अष्टमी आली. ओल्या वाळूतलं आकाशाचं प्रतिबिंब टिपायला पहाटे उठलो, तर पाणी सुरूच्या झाडांपर्यंत. पुळण दिसेचना. किनाऱ्यावरच्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारलं असतं तरी कळलं असतं: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सूर्योदय आणि सूर्यास्त दोन्ही वेळांना भरती. अमावस्या-पौर्णिमेला भरती बाराच्या सुमारास, म्हणून सकाळ-संध्याकाळी सहाच्या आसपास ओहोटी, आणि उधाणाचे दिवस असल्याने पाणी लांबवर मागे जातं. म्हणून पैसे भरण्याआधी कालनिर्णय उघडा आणि तारखांसमोरची तिथी बघा. आयोजकाला तिथीबद्दल सांगता आलं नाही, तर तो आठ हजार कशाचे घेतो हे विचारायला हरकत नाही.

वेळासच्या कासवांसाठी वर्कशॉप करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. वाळूतल्या अंड्यांतून पिल्लं कधी बाहेर येतील ते कोणाच्या हातात नसतं, दोरीच्या मागे सगळे एकाच जागी उभे, फ्लॅश चालत नाही. तिथे मार्गदर्शक वेगळं काय करणार? गावातल्या घरी फोन करून खोली घ्या आणि जमलं तर दोन दिवस जास्त राहा. वाचलेले पैसे तिथेच लावा.

आंबोलीचं उलटं. ती किनाऱ्यावर नाही, घाटमाथ्यावर आहे, पण 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते तेव्हा आपल्यापैकी बरेच जण तिकडेच वळतात. रात्री, पावसात, टॉर्चच्या उजेडात बेडूक शोधायचे. 2009 साली नवी प्रजाती म्हणून नोंदली गेलेली तिथली टोड बोटाच्या पेराएवढी, आणि शेजारच्या फांदीवर हिरवी चापडा, म्हणजे विषारी साप, असू शकते. इथे जाणकाराशिवाय जाऊच नका. सात-आठ जणांचा गट असेल तर जास्तीचे पैसेही आनंदाने द्या.

ज्यांना कॅमेरा हाताळता येतो, फक्त गाव माहीत नाही, त्यांनी तिघा-चौघांनी मिळून गावातलाच एक माणूस दोन दिवसांसाठी घ्यावा. लिलाव कधी रंगतो, रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) कुठे लागते, कोणाला फोटो काढलेला आवडत नाही, हे त्याला विचारावं लागत नाही. रोजचे दोन हजार दिले तरी चौघांत माणशी हजारच पडतात, आणि ते गावात राहतात. पैसे आधी ठरवा, घासाघीस करू नका. आणि ज्यांचे फोटो काढाल त्यांना छापलेली प्रत पाठवा. बांगड्यांचा तो फोटो मी पुढच्या खेपेला मावशींना नेऊन दिला, तर त्यांनी आधी हात पदराला पुसले आणि मगच तो हातात घेतला.