रेनॉक्स डीसीआर-२५०: मॅक्रो लेन्सआधीचे भिंग

मॅक्रो, म्हणजे बारीक वस्तूंच्या अगदी जवळून केलेल्या, छायाचित्रणाचा छंद तर जडला आहे, पण स्वतंत्र मॅक्रो लेन्सचा खर्च इतक्यात करवत नाही, अशांनी रेनॉक्सच्या डीसीआर-२५० या जपानी भिंगाचा जरूर विचार करावा. लेन्सच्या तोंडाशी फिल्टर बसवण्यासाठी असलेल्या ५२ ते ६७ मिलिमीटरच्या आट्यांवर ते चिमट्याने क्षणात बसते. त्याची शक्ती ८ डायॉप्टर (भिंगाच्या शक्तीचे एकक) असल्याने मूळ लेन्स अनंतावर, म्हणजे सर्वांत दूरच्या फोकसवर, ठेवली की सुमारे साडेबारा सेंटिमीटरवरची वस्तू स्पष्ट होते आणि २०० मिलिमीटर फोकल लांबीला सेन्सरवर वस्तूच्या १.६ पट प्रतिमा मिळते. जास्वंदीच्या कळीत सोंड खुपसून बसलेला मावा पाय मोजता यावेत इतका ठसठशीत दिसतो. मात्र स्पष्टतेची खोली (एका वेळी स्पष्ट दिसणारा पट्टा) मिलिमीटरभरही नसल्यामुळे एफ/११ च्या आसपासचे लहान छिद्र (अ‍ॅपर्चर) आणि ट्रेसिंग पेपरने मऊ केलेला फ्लॅश यांना पर्याय नाही, आणि वारा सुटलाच तर सरळ घरात येऊन चहा टाकावा. फोकसची रिंग फिरवण्यापेक्षा कॅमेराच पुढेमागे सरकवणे सोयीचे ठरते. कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या १८-५५ च्या किट लेन्सवर वाइड टोकाला कोपरे काळे पडतात, तेव्हा टेलिझूम (दूरचे टिपणारी झूम लेन्स) नसणाऱ्यांनी एक्स्टेन्शन ट्यूब (कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसणारी पोकळ नळी) घेतलेली बरी. अगदी नवख्याने तर ४.८ डायॉप्टरचे डीसीआर-१५० आधी घ्यावे, असे माझे मत आहे, कारण त्यात वस्तूपासूनचे अंतर वीस सेंटिमीटरच्या घरात मिळते आणि फुलपाखरू सहसा बिचकत नाही.