नागपूर-मुंबई फ्लाईट, दिवाळीतली : ५ पैकी अडीच स्टार

भाऊबीजेच्या आदल्या दिवशी (दिवाळी २०२५) आईला तिच्या भावाकडे मुंबईला घेऊन गेलो, संध्याकाळची फ्लाईट. एअरलाइनचं नाव टाकत नाही, कारण या रूटवर दुसऱ्या कंपनीनं गेलो तेव्हाही अनुभव फार वेगळा नव्हता आणि मला जे सांगायचंय ते एका कंपनीपुरतं नाहीच आहे.

विमानच काहून, तर दुरांतो आणि विदर्भ एक्सप्रेस दोन्हीकडे वेटिंग, आणि ट्रॅव्हल्सनं समृद्धीवरून जायचं म्हटलं तरी ७०१ किलोमीटर रात्रभर, आई ७४ वर्षांची, तिच्या कंबरेला ते झेपत नाही. तिकीट सप्टेंबरमध्ये पाहिलं तेव्हा ४,७०० होतं, घरी विचारून दोन दिवसांनी काढायला बसलो तर ६,९००. धंतोलीतले आमचे एजंट काका म्हणाले, अरे विमानात सीट सारखीच असते पण भावाचे वेगवेगळे बकेट असतात, स्वस्तवाला बकेट संपला की वरचा उघडतो, सणाच्या दिवशी तर स्वस्त सीटा ठेवतच नाहीत फारशा. काकांना पाच स्टार, हे कोणतंही अ‍ॅप सांगत नाही.

आता सर्व्हिस. व्हीलचेअर लगेच मिळाली, पोरगा इतका चांगला होता की आईचे गुडघे पाहून रॅम्पवर हळू झाला, हे मनापासून लिहितो. पण काउंटरवर लगेज १८ किलो भरलं (चकल्या, अनारसे, संत्रा बर्फीचे चार डबे), लिमिट १५, वरच्या ३ किलोचे १,८०० रुपये. आई म्हणे, "एवढ्यात तर बर्फी मुंबईतच घेतली असती बापा." तेव्हा मलाही राग आला होता. नंतर वाचलं की जगभरच्या एअरलाइन मिळून एका प्रवाशामागे निव्वळ नफा साधारण ७ डॉलर कमावतात, म्हणजे सहाशे रुपयांच्या आसपास. म्हणजे माझ्या एका जास्तीच्या किलोचे जेवढे पैसे घेतले तेवढाच, एवढ्या मोठ्या विमानाच्या धंद्यात. मग लगेज, सीट निवडणं, सँडविच या सगळ्यावर त्यांचा जीव का असतो ते कळलं. आपल्याकडे खर्चात मोठा वाटा इंधनाचा, ते अजून जीएसटीत नाही, प्रत्येक राज्य आपला व्हॅट लावते, विमानांचं भाडं डॉलरमध्ये, रुपया घसरला की तेही वाढते. वरून २०२३ पासून प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांमधल्या दोषामुळे कितीतरी विमानं जमिनीवर उभी. हे सगळं मान्य, महाग तिकिटाची माझी फार तक्रार नाही.

तक्रार ही आहे की फ्लाईट ३ तास लेट झाली आणि कोणी नीट सांगत नव्हतं. आधी मेसेज ४० मिनिटांचा, मग अजून एक तास, मग काहीच नाही, बोर्डवर नुसतं 'डिलेड', लोक काउंटरवर जाऊन विचारून राहिले अन् तिथली पोरगी बिचारी दर वेळेस वरून माहिती येऊन राहिली एवढंच म्हणते. डीजीसीएचा (विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) नियम आहे, अडीच तासांपर्यंतच्या फ्लाईटला २ तासांहून जास्त उशीर झाला तर खायला-प्यायला द्यायचं. आम्ही मागितल्यावर मिळालं, न मागणाऱ्यांना नाही. आईला डायबेटिस, तिला वेळेवर खायला लागते, मी भांडलो नसतो तर तिनं तसंच बसून काढलं असतं.

आणि हे असं होते कारण त्यांना माहीत आहे की आपण जाणार कुठे. २०१२ मध्ये किंगफिशर बंद, एप्रिल २०१९ मध्ये जेट, मे २०२३ मध्ये गो फर्स्ट. जानेवारी २०२२ मध्ये टाटांनी एअर इंडिया घेतली, नोव्हेंबर २०२४ मध्ये विस्तारा त्यात मिसळली, आज देशातले साठ टक्क्यांहून जास्त प्रवासी एकट्या इंडिगोचे. अमेरिकेत १९७८ मध्ये सरकारनं भाडं ठरवणं सोडलं, बऱ्याच कंपन्या आल्या आणि शेवटी चारच मोठ्या उरल्या, म्हणजे ही गोष्ट फक्त आपली नाही. पण दोनच मोठे गडी असले की एक अडखळला तर सगळा देश अडकतो, डिसेंबर २०२५ मध्ये पाहिलंच ना, पायलटच्या विश्रांतीच्या नव्या नियमांसाठी इंडिगोची तयारी कमी पडली, हजारो फ्लाईट रद्द झाल्या आणि सरकारला भाड्यावर मर्यादा लावावी लागली, ५०० ते १,००० किलोमीटरसाठी १२,०००.

मला नागपूरकर म्हणून याचं जास्त लागते. १९४९ मध्ये रात्रीची टपाल विमानं सुरू झाली तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रासची विमानं मध्यरात्री इथंच भेटायची, टपाल बदलायची अन् परत जायची. आज मिहानमध्ये (विमानतळाला लागूनच्या औद्योगिक क्षेत्रात) एअर इंडियासाठी बोइंगनं बांधलेलं दुरुस्ती केंद्र आहे, विमानं इथं दुरुस्तीला येतात, पण आपल्याला मुंबईला जायला फ्लाईट निवडायची म्हटलं तर हाताच्या बोटांवर मोजाव्या लागतात. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात म्हणून एका वेळी एकच चालते, स्लॉट (उतरायच्या-उडायच्या ठरलेल्या वेळा) मिळत नाहीत, जे आहेत ते जास्त पैसे देणाऱ्या रूटला जातात. डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबई सुरू झालं, तिथले स्लॉट नागपूर, अकोल्यासारख्या गावांना मिळावेत अशी माझी फार इच्छा आहे. विदेशात किती फ्लाईट उडवायच्या हे तर दोन्ही देशांची सरकारंच ठरवतात, दुबईसाठी दोन्ही बाजूंना प्रत्येकी आठवड्याला साधारण ६५ हजार सीटांचा करार आहे, तो वाढल्याशिवाय कोणी हवं तेवढं उडवू शकत नाही.

कोणी जाणार असेल तर शक्य असेल तोवर सकाळची पहिलीच फ्लाईट घ्या. एकच विमान दिवसभर पाच-सहा फेऱ्या करते, दुपारी कुठेतरी अर्धा तास अडकलं की संध्याकाळपर्यंत उशीर वाढत जाते, आमचं तसंच झालं. येताना सकाळची घेतली, १० मिनिटं आधी सोनेगावला, म्हणजे नागपूरच्या विमानतळावर, उतरलो, आईनं घरी येऊन स्वतःच चहा टाकला.