स्टेशनबाहेरची कोंडी: स्कायवॉक की बसचा डेक?

बांद्रा पूर्वेला कलानगरकडे जाणारा मुंबईतला पहिला स्कायवॉक २००८ साली सुरू झाला. ठाणे पश्चिमेला सॅटिस या स्टेशन परिसराच्या वाहतूक सुधारणा योजनेत वेगळी वाट धरली: बस वरच्या डेकवर, म्हणजे खांबांवरच्या उंच मजल्यावर, आणि रिक्षा खाली.

स्कायवॉकला जागा कमी लागते, फक्त खांबांपुरती. पण तो रेल्वेच्या पादचारी पुलाला सरळ जोडलेला हवा. पुलावरून उतरून पुन्हा सहा मीटर चढायचं म्हणजे १५ सेंटिमीटरच्या ४० पायऱ्या. हातात भाजीची पिशवी असलेली बाई त्या चढत नाही, रस्त्यावरूनच जाते. शिवाय जिन्याचा पाया फुटपाथवरच उतरवला, की खाली चालायला जागाच उरत नाही. ही चूक सर्रास होते.

डेक महाग आणि अवजड. सहा मीटर उंचीला १:२० चढ धरला तर रॅम्पच १२० मीटरचा, त्यामुळे अरुंद गावठाणात तो बसत नाही. खाली दिवसाही दिवे लागतात, आणि पावसाळ्याआधी पाण्याचे पाइप साफ केले नाहीत तर सांध्यांतून धार रिक्षाच्या रांगेवर पडते. तरीही जिथे बसच्या फेऱ्या भरपूर आहेत तिथे आम्ही डेकच सुचवू: पुलावरून आलेला माणूस पायरी न उतरता बसपाशी पोहोचतो.

बस मोजक्याच असतील, तर आधी १.८ मीटरचा मोकळा फुटपाथ करा.